उंदीर रुसला, फाईल हरवली



गेल्या सहामाहींत एक विद्यार्थी रडवेला चेहरा करून प्रस्तुत लेखकाकडे आला. "सर, माझी फाईल गेली!" यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पंधरा दिवस खपून लिहिलेला विज्ञान-प्रदर्शनाचा अहवाल संगणकावरून नाहींसा झाला होता. शोध केला तेव्हां असें आढळलें कीं, अहवाल गेलाच नव्हता. एका फोल्डरमधून दुसरीकडे ओढून नेतांना माउसचें बटण वाटेंतच सुटलें होतें व फाईल शेजारच्या फोल्डरमध्यें जाऊन बसली होती. परंतु ती सांपडण्यापूर्वींच त्या मुलानें घाबरून, आठवेल तेवढा मजकूर दुसऱ्या एका जुन्या फाईलमध्यें लिहून ती सेव्ह केली होती. त्या फाईलमधील त्याच्या बहिणीचा निबंध मात्र खरोखरच पुसला गेला. यंत्रानें कांहींच गमावलें नव्हतें. जें गेलें तें घाबरलेल्या हातानें गेलें. हें ध्यानांत ठेवून आपण माउस आणि फाईल यांच्या नेहमींच्या तक्रारींचा विचार करूं.

प्रथम माउस. या उंदराचा जन्म अमेरिकेंतला. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनीं सन १९६४ च्या सुमारास पहिला नमुना तयार केला. ती एक लांकडी पेटी होती. तिच्या पोटाखालीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें होतीं. एक आडवी हालचाल मोजी, दुसरें उभी. ता. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगलबार्ट यांनीं तो भर सभेंत चालवून दाखविला. पुढें चाकांच्या जागीं एक फिरती गोळी आली आणि आतां गोळीही जाऊन प्रकाश आला आहे. माउसच्या पोटाखालील दिवा मेजावर उजेड टाकतो, आणि एक चिमुकला कॅमेरा दर सेकंदास हजारों चित्रें घेऊन प्रत्येक चित्र मागच्या चित्राशीं ताडून पाहतो. चित्र ज्या बाजूस सरकलेलें दिसेल त्यावरून पडद्यावरील बाण चालतो.

एवढें समजलें म्हणजे अर्धे रोग आपले आपणांसच ओळखतां येतात. काचेच्या मेजावर बाण उड्या मारतो; कारण नितळ काचेवर कॅमेऱ्यास ओळखण्याजोगी खूणच दिसत नाहीं. खालीं एक साधा कागद घातला कीं काम झालें. बाण अडखळत असेल तर माउस उलटा करून भिंगापाशीं अडकलेला केस किंवा धूळ काढावी. माउस मुळींच हलत नसेल तर त्याची तार काढून दुसऱ्या यूएसबी खांचेंत बसवावी. बिनतारी असेल तर बॅटरी व खालचें बटण पाहावें. तरीही हलला नाहीं तर तोच माउस दुसऱ्या संगणकास लावावा. तेथें चालला तर दोष आपल्या संगणकाकडे, तेथेंही अडला तर दोष माउसचा. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, ही प्रयोगशाळेंतील शिस्त येथेंही उपयोगीं पडते.

एकदां दाबलें असतां दोनदां दाबल्यासारखें होत असेल, तर बहुधा बटणाखालील धातूची पट्टी झिजलेली असते. नवा माउस घेणें बरें. उलट, घरांतील आजोबांस झटपट दोनदां दाबणें साधत नसेल, तर सेटिंगमध्यें जाऊन दोन दाबांमधील अवधि वाढवितां येतो. डावखुऱ्या मुलांसाठीं बटणांची अदलाबदलही करतां येते. पालकांनीं त्यांस उजव्या हाताची सक्ती करूं नये.

लिहितां लिहितां माउस बंद पडला तर संगणकाचें बटण दाबून तो एकदम बंद करूं नका. कंट्रोल व एस या कळा एकत्र दाबल्या म्हणजे लिहिलेलें जतन होतें. मग सावकाश माउसकडे वळावें.

आतां फाईल. ओढतांना ती हातून सुटली असें वाटतांच कंट्रोल व झेड दाबावें. शेवटची कृति उलटते. तें न साधल्यास नांवानें शोध घ्यावा; नांव आठवत नसेल तर फाईली तारखेप्रमाणें लावून आजच्या पाहाव्या. विंडोजची रीत अशी कीं, त्याच डिस्कवर ओढलेली फाईल जागा बदलते, परंतु पेन ड्राईव्हवर ओढली तर तिची नक्कल होते. हा भेद ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा गोंधळ उडतो. जुन्या फाईलवरून नवी करावयाची असेल तर पहिलें अक्षर लिहिण्यापूर्वींच 'सेव्ह अॅज' करून तिला नवें नांव द्यावें. वरील बहिणीचा निबंध एवढ्यानें वांचला असता.

पुसलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्यें मिळते. पण पेन ड्राईव्हवरून पुसलेली तेथें जात नाहीं. अशा वेळीं त्या पेन ड्राईव्हवर नवें कांहींही लिहूं नये. फाईल पुसणें म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखें आहे. पानें कांहीं काळ तशींच असतात व जाणकारास तीं कधीं कधीं परत मिळवितां येतात. त्यांवर नवा मजकूर लिहिला गेला कीं मात्र आशा संपली.

एवढें सांभाळूनही एक धोका उरतो, तो यंत्राबाहेरचा. सन २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णामाईनें सांगलींत काय केलें तें पालकवर्ग विसरलेला नाहीं. आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांच्या वर चढलें, घरें व दुकानें बुडालीं, नगरवाचनालयांतील पुष्कळ ग्रंथ भिजून गेले. ज्या खोलींत संगणक, त्याच खोलींतील कपाटांत पेन ड्राईव्ह ठेवला, तर पुरापुढें दोहोंची गत एकच. यासाठीं महत्त्वाच्या फाईलची दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं असावी. सांगलीकरांनीं ती साताऱ्यास मामाकडे ठेवावी, सातारकरांनीं सांगलीस आत्याकडे. किंवा इंटरनेटवरील साठ्यांत ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ती ताजी करावी व उघडून पाहावी, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरंवसा नाहीं.

डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस दोन घरांचा दृष्टान्त आहे. पाऊस दोहोंवर सारखाच पडला व पूर दोहोंस सारखाच आला. अंतर होतें तें पायांत, आणि पाया आधींच घातलेला होता. बालमित्रांनो, फाईल हरवल्यावर धांवाधांव करण्यापेक्षां आजच, परीक्षेपूर्वींच, दुसरी प्रत काढून ठेवा. आणि तरीही कधीं कांहीं हरवलेंच, तर प्रथम माउसवरून हात काढा, एक दीर्घ श्वास घ्या, आणि मगच शोधावयास लागा.