कंट्रोलर घेताना नाव नको, गुण पाहा!

परीक्षा संपून सुट्टी लागली, की घरोघरी एक हट्ट सुरू होतो. संगणकावर किंवा टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी नवा कंट्रोलर हवा! जुन्या टीव्ही गेमच्या काळात वस्तीतली मुले यालाच ‘रिमोट’ म्हणत. आज त्याची किंमत ऐकली की आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स बनविणाऱ्या मूळ कंपनीचा कंट्रोलर साधारण पाच-सहा हजार रुपयांना पडतो. इतर कंपन्यांचा, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘थर्ड पार्टी’, हजार-दीड हजारातही मिळतो. शेजारी म्हणतात, “ओरिजिनलच घ्या, बाकी सगळा कचरा.” दुकानदार म्हणतो, “सगळे सारखेच, हा स्वस्तातला न्या.” ऐकायचे कोणाचे?

आमचे म्हणणे असे, की दोघांच्याही शब्दावर जाऊ नये. वस्तू कोणाच्या कारखान्यात जन्मली एवढ्यावरून तिची लायकी ठरविणे, हे कुळ पाहून माणसाची लायकी ठरविण्यासारखेच आहे. तथागतांनी माणसाचे मोजमाप जन्मावर नव्हे, कर्मावर ठेवले. ऐकीव गोष्टीवर किंवा कोणाच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखा, ही वाट त्यांनी कालामांना दाखविली. बाजारात जातानाही ती सोडू नये.

मूळ कंपनीचा माल निर्दोष असतो, या समजापासूनच सुरुवात करू. जपानच्या निंटेंडो कंपनीचे ‘स्विच’ हे यंत्र २०१७ साली आले. त्याच्या कंट्रोलरची स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची लहान काडी, हात न लावताही एका बाजूला सरकल्याचे दाखवू लागली. मुले या दोषाला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. जगभरातून तक्रारी आल्या आणि २०२० साली कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना ग्राहकांची माफी मागावी लागली. मोठ्या नावाने दोष टळला नाही!

हा दोष का येतो? जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याचे बटण काही वर्षांनी खरखर करू लागते, हे आपण अनुभवले आहे. त्याच्या आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत असते. पट्टी झिजली की आवाज बिघडतो. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकमध्ये हीच रचना असते आणि वापराने ती झिजते. यावर उपाय आहे, तो चुंबकाचा. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या परिणामावर चालणारा सेन्सर चुंबकाची हालचाल स्पर्शाशिवाय टिपतो. घासणेच नाही, त्यामुळे तशी झीजही नाही. सेगा कंपनीने १९९८ च्या ‘ड्रीमकास्ट’ यंत्रात ही पद्धत वापरली होती. पुढे २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या यंत्रांसोबतच्या कंट्रोलरमध्ये मात्र घासणारीच पट्टी राहिली. ‘हॉल’ स्टिक गुलिकिट, एटबिटडू अशा थर्ड पार्टी कंपन्यांनी आपल्या अनेक कंट्रोलरमध्ये दिली. म्हणजे या एका गुणात परके घरच्यांच्या पुढे गेले!

याचा अर्थ स्वस्त ते सगळे चांगले, असा मात्र कोणी काढू नये. अगदी हलक्या मालात बटणाखालचे रबर लवकर मरते, वायर जोडाशी तुटते, प्लास्टिकच्या कडा बोटांना टोचतात. डाव्या हाताकडचे अधिकाच्या चिन्हासारखे बटण पाहा. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी ते १९८२ साली एका छोट्या खेळात आणले. दिसायला साधे, पण नीट बनविणे कठीण. हलक्या कंट्रोलरमध्ये वर दाबले तर बाजूचेही दाबले जाते, मूल हरते आणि आपलेच चुकले असे समजून बसते.

दुसरा मुद्दा हाताच्या सुखाचा. हात सर्वांचे सारखे नसतात, पण कंट्रोलर बहुधा मोठ्या माणसाच्या पंजाचे माप धरून बनतात. प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर साधारण २१० ग्रॅमचा होता, ५ चा २८० ग्रॅमच्या आसपास गेला. दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला हा फरक जाणवतो. अंगठा ताणून स्टिक गाठावी लागत असेल, तर तो कंट्रोलर कितीही नामांकित असो, तिच्यासाठी वाईटच. इतर कंपन्यांचे लहान आणि हलके कंट्रोलर इथे उपयोगी पडतात.

आणि ज्यांचे हात नेहमीच्या पद्धतीने चालत नाहीत त्यांचे काय? आमच्या मते खरी कसोटी इथेच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अपंगांसाठी ‘ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. त्यावर दोन मोठी बटणे असून मागे १९ खाचा आहेत. ज्याला जे जमेल ते, पायाचे बटण असो वा कोपराचे, त्यात जोडता येते. ही जोडायची बटणे २०१९ साली लॉजिटेक या दुसऱ्या कंपनीने संचरूपात दिली. एटबिटडू कंपनीने २०२२ साली, स्नायू क्षीण होण्याचा आजार असलेल्या एका मुलाच्या वडिलांना सोबत घेऊन, ‘लाइट एसई’ बनविला. तो टेबलावर सपाट ठेवता येतो, सर्व बटणे वरच्या बाजूला असतात आणि ती अगदी हलक्या दाबाने चालतात.

म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्सने परवाना नसलेले कंट्रोलर बंद पाडायला सुरुवात केली, तेव्हा अपंग खेळाडूंना चिंता वाटली. ज्या वस्तूच्या आधारे ते इतरांच्या बरोबरीने खेळत होते, तीच परकी ठरण्याची वेळ आली. पुढे २०२४ साली ‘लाइट एसई’ची एक्सबॉक्ससाठी परवानाप्राप्त आवृत्ती जाहीर झाली. पण दार उघडायचे की लावायचे हे मूळ कंपनीच्याच हाती राहिले, हे आपण विसरू नये. पाणवठ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता माताभगिनींसाठी आणि पालकांसाठी काही सूचना.

पहिली, आपल्या घरी कोणते यंत्र आहे ते नक्की सांगा. संगणकावर चालणारा कंट्रोलर प्लेस्टेशनवर चालेलच असे नाही.

दुसरी, मुलाला सोबत न्या. कंट्रोलर त्याच्या हातात निदान दहा मिनिटे राहू द्या आणि अंगठा कुठे ताणला जातो ते पाहा.

तिसरी, दुकानातल्या संगणकाला तो जोडायला सांगा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलर तपासण्याची खिडकी असते. हात काढल्यावर तिथली अधिकाची खूण मधोमध थांबली पाहिजे. स्टिक पूर्ण गोल फिरवा, प्रत्येक बटण एकेकदा दाबा.

चौथी, पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. “आम्ही आहोत ना” हे तोंडी आश्वासन कागदाची जागा घेत नाही.

घामाचा पैसा नावाच्या दबावाखाली खर्चू नये, तसा स्वस्ताईच्या मोहातही घालवू नये. अभ्यास सांभाळून मुलांनी जरूर खेळावे. मात्र खरेदीच्या वेळी त्यांना एवढे शिकवा, की पेटीवरचे नाव वाचून झाले की वस्तू हातात घेऊन तपासायची आणि मगच मत बनवायचे. वस्तूच्या बाबतीत ही सवय लागलेले मूल उद्या माणसाला त्याचे आडनाव विचारून तोलणार नाही. कंट्रोलर दोन वर्षांनी मोडेल, ही सवय मात्र जन्मभर टिकेल. जयभीम!