समुद्राच्या अत्तरात ओहोटी का नसते?

मुंबईतल्या माहुलच्या खाडीला ओहोटी लागली की गाळ उघडा पडतो आणि हवेचा वासच पालटतो. तिवरांच्या मुळांशी त्या चिखलात प्राणवायू पोचत नाही. तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू सोडतात. हा कुजका दर्प खाडीचा स्वतःचा आहे. त्यात कोळीवाड्यात वाळणाऱ्या जवळ्या-बोंबलांचा वास मिसळतो. शिवाय 1950 च्या दशकापासून शेजारी ठाण मांडून बसलेले तेलशुद्धीकरण कारखाने आहेतच.

दुकानातल्या 'समुद्री' परफ्यूममध्ये यातलं काहीच सापडत नाही. तिथला समुद्र बहुतेकदा कॅलोन नावाच्या रसायनातून येतो. फायझर कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना ते 1966 मध्ये सापडलं. कलिंगडाचा थंडावा आणि ताज्या कालवांची हलकी छटा, असा त्याचा वास. 1990 च्या दशकात त्याने जग जिंकलं. वास छानच आहे, पण तो किनाऱ्यावरच्या हॉटेलातला समुद्र आहे. खऱ्या समुद्री हवेच्या वासात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइडचा, म्हणजे पुन्हा गंधकाचाच. सूक्ष्म वनस्पतींमधल्या द्रव्यापासून जीवाणू हा वायू तयार करतात.

आपल्या जुन्या गंधींना समुद्राच्या उग्रपणाचं वावडं नव्हतं. ते 'नख' वापरत, म्हणजे समुद्री गोगलगायीच्या शिंपल्याचं झाकण. त्यावर संस्कार करून ते धूपात आणि सुगंधी मिश्रणात घालत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, गंधयुक्तीच्या प्रकरणात ते येतं. कनौजला भाजलेल्या शिंपल्यांपासून 'चोया नख' आजही काढतात. त्याला धुराचा आणि खाऱ्या किनाऱ्याचा वास येतो. या शास्त्राला मराठी धागाही आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' आणि गंगाधराचा 'गंधसार' हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले. 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. गोड्यांनी तिचा काळ 1350 ते 1550 च्या दरम्यानचा मानला.

असे उग्र वास कलेतही आणता येतात. चित्रकला आणि गंधकला यांचा मेळ घालणाऱ्या कलावंतही पुण्यातच सापडतात. कलासमीक्षक आणि गंधकार भारती लालवाणी यांनी 2021 मध्ये निकोलस रॉथ या अभ्यासकासोबत 'बाग-ए-हिंद' हे ऑनलाइन प्रदर्शन मांडलं. मुघल आणि राजपूत चित्रांतल्या बागांचं त्यांनी सुगंधांत रूपांतर केलं. त्यात गुलाब होता, केवडा होता आणि धूरही होता. मला त्यातला धूर सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चित्रात जे आहे ते नाकाला द्यायचं, गोड असो वा नसो, ही भूमिका त्यात दिसते.

हीच रीत माहुलला लावून पाहण्याजोगी आहे. ऑगस्ट 2020 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल, अंबापाडा आणि चेंबूरच्या प्रदूषित हवेबद्दल चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरायला सांगितले. म्हणजे इथल्या वासाची कोर्टकचेरीत नोंद झाली. कलादालनात अजून व्हायची आहे. मुंबईच्या एखाद्या चित्रकाराने आणि गंधकाराने ती करावी. गाळ घ्यावा, सुकट घ्यावी, तेलाची वाफही घ्यावी. आणि पहिला नमुना नाकाला लावायचा मान माहुलच्या कोळणींना द्यावा. त्यांनी नाक मुरडलं, तर का मुरडलं तेही लिहून ठेवावं.