भिंतीवर चालणारी बी

पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा माळ्याच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखं काहीतरी चपटं, राखाडी चिकटलेलं दिसतं. कुणी त्याला पालीची घाण समजतं, कुणी सुटलेला गिलावा. जरा नजर लावून बसलात तर ती बी पुढे सरकते! एका टोकातून गडद तपकिरी डोकं आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर येतात, भिंत पकडतात आणि मागचं बिऱ्हाड ओढून घेतात. धक्का लागला की सगळं आत. कोश दोन्ही टोकांना उघडा असल्यामुळे अळी आतल्या आत वळून उलट्या दिशेलाही चालू लागते.

ही फेरिओइका युटेरेला या उष्ण, दमट हवेतल्या पतंगाची अळी. ती भिंत पोखरते, हा सगळ्यांत पक्का गैरसमज. गिलावा तिच्या पोटात नव्हे, अंगरख्यात असतो. स्वतःच्या रेशमाची नळी विणून तिला बाहेरून वाळू, गंज, केस, मेलेल्या किड्यांचे तुकडे, मिळेल ते चिकटवायचं; आतून मात्र निव्वळ रेशमी अस्तर. अळी वाढेल तशी दोन्ही टोकांना भर पडते आणि कोश 8 ते 14 मिलिमीटरपर्यंत पोचतो.

कपड्यांना हीच कसर लावते, हे अर्धंच खरं. तिचं आवडतं खाणं म्हणजे कोळ्यांची जुनी जळमटं. लोकरही ती खाते, म्हणून शाली-स्वेटर जपावेत. सुती कापडाला मात्र, की (Kea) या अभ्यासकांनी 1933 साली नोंदवल्याप्रमाणे, ती तोंड लावत नाही. माणसाला चावत नाहीच.

खुद्द पतंग फारसा कुणी पाहिलेलाच नसतो. मादी राखाडी, पंख पसरल्यावर जेमतेम 10 ते 13 मिलिमीटर, पुढच्या पंखांवर फार तर चार काळसर ठिपके. नर आणखी लहान, त्याची नक्षीही पुसट. मागच्या पंखांच्या कडेला लांब केसांची झालर असते. भिंगातून पाहाल तर मळकट म्हणणार नाही. या वयात त्याच्या तोंडाचे अवयव खुरटलेले असतात, त्यामुळे कपडे खाण्याचा आळ पतंगावर घेण्यात अर्थ नाही. मादी आठवडाभरात फटींमध्ये सुमारे 200 अंडी घालते आणि मरते.

औषध फवारण्याआधी जळमटं झाडा, ओल कमी करा, कोश वेचून टाका. कोशाच्या टोकातून कात अर्धी बाहेर आलेली असेल, तर पतंग कधीच निघून गेलेला असतो.