मांजर सोडण्याचे पुण्य

मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की, एरवी मुक्या प्राण्यांविषयी फारशी कणव नसलेला गृहस्थही मांजरावर काठी उगारताना हात आखडता घेतो. समजूत खुळी असेल, पण तिने असंख्य मांजरांचे प्राण वाचविले आहेत. मात्र तिच्यातूनच माणसाने एक पळवाटही शोधून काढली. मारायचे नाही ना, मग सोडून यायचे! मांजराला पोत्यात घालायचे, तोंड सुतळीने आवळायचे आणि ओढ्यापलीकडे नेऊन मोकळे करायचे. तीनचार दिवसांत ते पुन्हा चुलीपाशी हजर होई. मग पुढच्या खेपेस अंतर वाढवायचे. पाप टळले आणि पीडाही टळली, असा हा दुहेरी हिशेब आहे.

आज या हिशेबाला मोटारीची आणि उत्तम रस्त्याची जोड मिळाली आहे. अमरावती जिल्ह्यातील लोणी ते अकोला जिल्ह्यातील माना या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अमरावतीहून अकोल्याला सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परततो. तेव्हा वस्तीतला उपद्रवी बोका किंवा जिन्याखाली व्यालेली मांजरी बडनेऱ्यापुढे कोठेतरी उतरवून देणे, हे फार तर तासाभराचे काम झाले आहे. हे करणारे सगळेच निष्ठुर असतात असे नाही. कित्येक सहृदय तरुण पदरचे पेट्रोल जाळून, शहरातल्या दगडधोंड्यांतून सुटका व्हावी या हेतूने, मांजरांना ‘मोकळ्या हवेत’ नेऊन सोडतात. शेतात उंदीर आहेत, ढाब्यावर खरकटे आहे, आणखी काय हवे, असे त्यांना मनापासून वाटते. माझे म्हणणे मुख्यतः या सहृदयांशी आहे. निष्ठुरांशी वाद घालून काय उपयोग?

मांजर माणसापेक्षा जागेला अधिक धरून असते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. शास्त्रानेही ते तपासून पाहिले. हेरिक नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पिल्लांपासून तोडून काही मैल दूर सोडलेली मांजरी पुनःपुन्हा परत आली. साडेसोळा मैलांवरून मात्र तिला परतता आले नाही. लांब नेऊन सोडणाऱ्याला हेच तर हवे असते. पण परतता न आलेले मांजर नव्या जागी सुखाने नांदू लागते, हा निष्कर्ष त्यातून कसा निघेल? ते घर शोधत भटकते. ढाब्यावर आधीचा बोका ठाण मांडून बसलेला असतो, गावात कुत्री असतात, रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावत असतात. शिवाय अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा मोठा भाग पूर्णेच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात येतो. तिथे विहिरीचे पाणी माणसाच्या तोंडाला लागत नाही. उन्हाळ्यात गोड पाण्याचा थेंब मिळवायला गावकऱ्यांनाच यातायात पडते. तेथे नवख्या मांजराने तहान कोठे भागवावी? पोहऱ्याच्या जंगलाकडे किंवा मेळघाटाच्या वाटेवर सोडलेल्या मांजराची कथा निराळी. ते एक तर बिबट्याचे भक्ष्य होते, नाही तर आपले रोग रानमांजरांना देते.

घरच्या मांजराच्या या मोठ्या भाऊबंदांबाबत तर आपण हा प्रयोग सरकारी खर्चाने करून पाहिला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले की, तेथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते या मोहिमेच्या काळात १७ वर गेले. ब्रह्मपुरीकडची एक वाघीण जुलै २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातील बोर अभयारण्यात सोडली गेली. ती शेकडो किलोमीटर भटकली, तिच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि ऑक्टोबरात शेताच्या कुंपणातील विजेच्या प्रवाहाने तिचा अंत झाला. २०१९ मध्ये अशीच एक वाघीण आपल्या मेळघाटात आणली गेली. दोनेक महिन्यांत तिला पुन्हा बेशुद्ध करून गोरेवाड्याच्या पिंजऱ्यात पाठवावे लागले. जंगल तेच, शिकार तीच. पण ते तिचे नव्हते.

मग मांजर लांब नेऊच नये काय? तसे नाही. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू माणसाला चटकन सरावते. त्याला अकोल्यात खरोखर घर मिळत असेल, तर शंभर काय, तीनशे किलोमीटर जावे. प्रौढ, मोकाट, माणसाला बिचकणाऱ्या मांजराचा प्रश्न अवघड असतो. त्याला हलवणे योग्य ठरते ते त्याची जागाच नाहीशी होत असेल तेव्हा. जुना वाडा पाडून तेथे सदनिका उभ्या राहतात, आणि दोन्ही शहरांत हे रोजचेच झाले आहे, तेव्हा माळ्यावरच्या मांजरांना जाण्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी धान्याचे कोठार, सरकीचे गोदाम, गुरांचा गोठा असलेला शेतकरी त्यांना आनंदाने ठेवून घेतो. मात्र तेथे पोहोचताच पोत्याचे तोंड सोडून देणे म्हणजे पहिले पाढे पंचावन्न! तीन-चार आठवडे त्यांना एका बंद खोलीत ठेवावे लागते. तेथे ठरल्या वेळी अन्न, पाणी, अंगाखाली जुन्या जागेतलेच गोणपाट, आणि जमल्यास सोबतीला जुने जोडीदार मांजर. नवी जागा ‘आपली’ होण्यास तेवढा अवधी लागतोच. प्रवासही पोत्यातून नव्हे, वर कापड टाकलेल्या पिंजऱ्यातून आणि पहाटे करावा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि मांजराला माणसासारखा अंगभर घाम येत नाही.

मूर्तिजापूर या रस्त्याच्या मध्यावर आहे. तेथे गाडगेबाबांनी धर्मशाळा आणि गोरक्षण उभारले. मुक्या प्राण्यांना अभय, हा त्यांच्या शिकवणुकीचा एक भाग. अभय म्हणजे नुसते न मारणे नव्हे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हाच मानतो. अर्थात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! तेवढ्यात आज अमरावतीहून अकोल्याचे एसटीचे तिकीटही निघत नाही.

मुळात ही पोती बांधण्याची पाळी येते, कारण मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. वर्षातून दोनतीन वेळाही. एका वस्तीतली चार मांजरे उचलून नेली, तर तेथले खरकटे आणि उंदीर दुसऱ्या चारांना बोलावून घेतात. शस्त्रक्रिया करून त्याच जागी परत सोडलेले मांजर मात्र आपली हद्द राखते आणि त्याची प्रजाही वाढत नाही. मुंबई महापालिकेने कुत्र्यांबरोबर मांजरांच्या निर्बीजीकरणाचे कामही हाती घेतले आहे. आपल्याकडे तर अकोल्यातच पदव्युत्तर पशुवैद्यकीय शिक्षण देणारी संस्था आहे. तिच्या आणि दोन्ही महापालिकांच्या सहकार्याने वस्तीवस्तीत शिबिरे घेणे अशक्य नाही. बोक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते. मांजरीचे पोट उघडावे लागते; तिला नंतर काही दिवस स्वच्छ, बंदिस्त जागेत ठेवून तिची देखभाल करावी लागते. अडते ते येथेच. पेट्रोलचा खर्च करून शंभर किलोमीटर जाणाऱ्या तरुणांनी आपल्या घराची एक रिकामी खोली तेवढ्या दिवसांपुरती दिली, तर पिंजरा आणि औषधे यांची व्यवस्था वर्गणीतून सहज होईल.