अधू डोळ्यांनी भरभर वाचायचं तर

"बाबा, तू एकेक अक्षर का वाचतोस? तसं तर मी वाचते."

माझी लेक पहिलीत आहे. शाळा इंग्रजी, खाली खेळायला गुजराती, आणि मराठी वाचन म्हणाल तर रात्री मी वाचून दाखवतो ती गोष्ट, एवढंच. आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांत बोलणं टिकून आहे, पण मराठी वाचणारी मुलं किती, हे ज्याने त्याने आपल्या घरात बघावं. त्या रात्री माळ्यावरून काढलेला जुना चांदोबा हातात होता आणि मी खरोखरच अडखळत होतो. ती पुढे काही बोलली नाही, कुशीवर वळली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

तीन वर्षांपूर्वी, तेहतिसाव्या वर्षी, मला स्टारगार्ट नावाचा डोळ्यांचा आनुवंशिक आजार असल्याचं कळलं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध पीतबिंदू असतो. बारीक अक्षर, सुईचं नेढं, माणसाचा चेहरा, हे सगळं आपण तेवढ्याशा जागेने बघतो. माझी तीच जागा निकामी होत चालली आहे. कडेची नजर शाबूत आहे, त्यामुळे बाजूने येणारी स्कूटर दिसते, पण ज्या शब्दाकडे रोखून बघावं तोच नाहीसा होतो. चष्म्याचा नंबर बदलून हे सुधारत नाही.

यावर मी पहिलं काय केलं, तर जलद वाचनाचा ऑनलाइन कोर्स विकत घेतला. एव्हलिन वूड या अमेरिकन शिक्षिकेने १९५९ साली असे वर्ग सुरू केले, तेव्हापासून शिकवण साधारण तीच: मनात उच्चार करू नका, मागे वळू नका, बोट फिरवत अख्खी ओळ एका नजरेत घ्या. पंधरा दिवसांत माझी पानं सपासप उलटू लागली. मग ऑफिसात एका कामाच्या कागदात इंग्रजी 'नॉट' निसटला आणि मी नेमकं उलटं काम करून ठेवलं. दोन दिवस फुकट गेले आणि सगळ्या टीमसमोर 'वाचलं होतंस ना?' हा प्रश्न आला. वाचलं तर होतं!

धडधाकट डोळ्यांनाही हे जमत नाही, असं मी नंतर वाचलं, म्हणजे ऐकलं. वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारतो. दर थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो. इंग्रजी वाचणाऱ्याला एका थांब्यात डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं उपयोगी पडतात, आणि त्यातलीही मोजकीच स्पष्ट दिसतात. अख्खी ओळ येणार कुठून? कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या विषयावरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. वेग फार वाढवला की समज घटते, यातून पळवाट नाही, असा त्याचा निष्कर्ष.

माझ्यासारख्याची अडचण आणखी वेगळी. कडेच्या नजरेने वाचताना शेजारशेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. त्यात आपली देवनागरी वरखाली लगडलेली. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत मी रोज फसतो. अनुस्वाराचं तर विचारू नका. 'त्यांचा'वरचं टिंब दिसलं नाही की आजोबांचा मान गेलाच.

एका नेत्र रुग्णालयातल्या लो व्हिजन विभागात मला पहिल्यांदा कामाचं काही मिळालं. तिथल्या ताईंनी एक कागद समोर धरला. मधोमध एक शब्द, भोवती घड्याळाचे आकडे. "शब्दाकडे बघू नका. बाराकडे बघा, मग एककडे, दोनकडे... शब्द कधी स्वच्छ दिसतो ते सांगा." बाराकडे बघितलं आणि शब्द चक्क उभा राहिला! ओळीच्या किंचित वर बघायचं, म्हणजे अक्षरं पडद्याच्या चांगल्या भागावर पडतात. सांगायला सोपं आहे. सवय व्हायला मला चार महिने लागले आणि मान रोज दुखली.

दुसरी युक्ती, डोळा जागेवर ठेवायचा आणि मजकूर सरकवायचा. टॅबलेटवर मी गोष्ट एका लांब ओळीत मांडतो आणि ती डावीकडे ओढत नेतो. ओळ संपली, पुढची कुठे, ही शोधाशोधच संपते. गॉर्डन लेग या अमेरिकन संशोधकाने १९८५ मध्ये दाखवलं होतं, की असा सरकता मजकूर वाचायला एका वेळी चारेक अक्षरं दिसली तरी वाचनाचा पुरता वेग गाठता येतो. चार! मी ओळ एका घासात गिळायला निघालो होतो.

अक्षराच्या आकाराबद्दलही लेग यांचं काम आहे. प्रत्येक डोळ्याचा एक आकार असतो. अक्षर त्याहून लहान झालं की वेग धाडकन पडतो, मोठं केलं तर फारसा वाढत नाही. मी घरीच सारख्या लांबीचे उतारे वेगवेगळ्या आकारांत मांडून घड्याळ लावलं. १४ पॉइंटला मिनिटाला जेमतेम ४० शब्द झाले, २८ ला ९५, ३६ लाही तेवढेच. म्हणून २८ ठरले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं ठेवल्यावर डोळे दिपायचेही थांबले. कोर्सच्या फीपेक्षा या एका संध्याकाळने जास्त दिलं.

बाकीचं काम कानांवर सोपवलं आहे. एनव्हीडीए हा संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला. आवाजाचा वेग मी दर आठवड्याला थोडा थोडा वाढवला. आता शेजारचा सहकारी म्हणतो, रेल्वेची घोषणा पळवत लावली आहेस का? ऑफिसची पत्रं, अहवाल मी असेच उरकतो. मराठीला मात्र जपून. हिंदी आवाज लावला तर 'चांगलं'मधला च 'चाय'मधल्यासारखा येतो आणि 'माझा' ऐकून आमची आई उठून जाते.

आणि सगळंच वाचायचं नाही, हेही शिकलो. मथळा, पहिला परिच्छेद, वाटलं तर पुढे. त्याची लाज वाटेनाशी झाली.

घरातल्या मोठ्यांसाठी एक सांगून ठेवतो. चौकटीच्या वहीतल्या सरळ रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा. आणि छापील वाचता येत नाही म्हणून पुस्तकं सोडू नका. अशा वाचकांसाठी पुस्तकाची वेगळ्या रूपातली प्रत करता यावी म्हणून मराकेश करार झाला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. आपला कॉपीराइट कायदा तर २०१२ मध्येच त्यासाठी बदलला होता. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात नावनोंदणी करता येते.

चांदोबाचं काय झालं, ते राहिलं. आता मी गोष्टीची पानं स्कॅन करून मजकूर काढतो, चुका दुरुस्त करतो आणि बसमध्ये एकदा ऐकून घेतो. निम्मी गोष्ट कानांत बसलेली असली की रात्री डोळ्यांना निम्मंच काम उरतं. ओळ सरकवण्याचं काम लेकीने स्वतःकडे घेतलं आहे. तिला राक्षस आवडतात, त्यामुळे राक्षस आला की बोट जोरात पळतं.

"हळू गं, मला दिसू दे."

"मग मी वाचते." ती टॅबलेटवर ओणवी होते. "रा-जा-ने... त्यां-चा..."

"त्याचा," मी म्हणतो.

"नाही बाबा, वर टिंब आहे. त्यांचा."