घरच्या पडद्यावरील ‘बायसिकल थीव्ह्ज’

पेडण्याकडच्या जत्रेत दशावताराचा खेळ पाहून परतलेल्या माणसाला कोणी विचारले, की राजाचा किरीट आणि पाय दिसले नसते तरी चालले असते काय, तर तो विचारणाऱ्याकडे संशयाने पाहील. परंतु तोच गृहस्थ घरी दूरचित्रवाणीच्या रुंद पडद्यावर जुना चित्रपट लावतो, तेव्हा पडदा भरून काढण्यासाठी चित्राचा जवळजवळ पाव भाग वरखालून कापला गेलेला असतो, आणि त्याला त्याचे काहीच वाटत नाही. काय कापले गेले, हे त्याला ठाऊकच नसते. व्हित्तोरियो दे सिका यांच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या इटालियन चित्रपटाच्या निमित्ताने आज याविषयी थोडे बोलावयाचे आहे.

हा चित्रपट आपल्याला परका नाही. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात तो दाखविला गेला. तो पाहून भारावलेल्या बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ दिला. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. आज तोच महोत्सव २००४ पासून पणजीस भरतो, आणि डिचोली-पेडण्याचा रसिक बसने जाऊन जगाचे चित्रपट पाहून येऊ शकतो. पण महोत्सव मोजक्या दिवसांचा. एरवी आधार घरच्या पडद्याचाच.

कथानक साधे आहे. रोममधील एका बेकार माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. अट एवढीच, की सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको घरातील पलंगपोस काढून गहाण टाकते आणि सायकल सुटते. त्या दुकानातील नोकर पलंगपोसांचे गाठोडे उचलतो आणि फळ्यांवर चढू लागतो. तो चढतच जातो. फळीवर फळी, गाठोड्यावर गाठोडे! शेकडो घरांच्या चादरी तिथे जाऊन पडल्या आहेत. एका कुटुंबाची ही गोष्ट साऱ्या शहराची आहे, हे इथे एकही शब्द न उच्चारता सांगितले जाते.

मी हा प्रसंग प्रथम पाहिला तो एका स्नेह्याने आणलेल्या व्हीसीडीवर. फळ्यांच्या जागी मला एक पांढुरका डाग दिसला. ती भिंत असावी असे मी समजलो. पुढे काही वर्षांनी मोठ्या पडद्यावर गाठोडी दिसली, तेव्हा आपण हा चित्रपट पूर्वी पाहिलाच नव्हता, असे वाटले.

याचे कारण हिशेबात सापडते. व्हीसीडीच्या एका चित्रात जेमतेम एक लाख बिंदू असतात, डीव्हीडीच्या चित्रात सुमारे चार लाख, तर ब्लू-रे तबकडीच्या चित्रात वीस लाखांहून अधिक. तथापि बिंदू वाढले म्हणजे सर्व साधले, असे नव्हे. तबकडी कोणत्या फितीवरून केली, हा खरा प्रश्न. नकलेच्या नकलेवरून उतरविलेले चित्र वीस लाख बिंदूंत मांडले, तर तिचे ओरखडेच अधिक स्पष्ट दिसतात. शिवाय चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने घेतलेला, आणि आपल्याकडील जुन्या दूरचित्रवाणीची पद्धत २५ चित्रांची. म्हणून अनेक कॅसेटी व तबकड्या किंचित वेगाने धावत. ८९ मिनिटांचा हा चित्रपट साडेपंच्याऐंशी मिनिटांत संपे, आणि आवाजही थोडा चढा लागे.

याउलट दोष अतिउत्साहाचाही असतो. डिचोलीच्या कारागिराने घडविलेली पितळी समई कोणी रोज राखेने खसखसून घासली, तर ती झळकेल खरी, पण तिच्यावरील नक्षी हळूहळू बुजेल. जुन्या फितीवर रुपेरी कणांचा बारीक रवा असतो. चित्र त्या रव्याचेच बनलेले असते. तो मळ समजून यंत्राने पुसला, की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात. पुष्कळांना असे गुळगुळीत चित्रच उत्तम वाटते. मला ते सोसत नाही. ओठांची हालचाल आणि शब्द कोठे कोठे जुळत नाहीत, याचा ठपका मात्र तबकडीवर ठेवू नये. आवाज मागाहून भरण्याची इटलीतील त्या काळची रीतच होती.

चांगली आवृत्ती करावयाची तर मूळ फीत जगली पाहिजे. सत्यजित राय यांनी हाच चित्रपट १९५० मध्ये लंडनला पाहिला होता. त्यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ फिती त्याच लंडनमध्ये १९९३ च्या आगीत होरपळल्या. इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत त्या हातांनी सांधल्या गेल्या आणि २०१५ मध्ये पुन्हा पडद्यावर आल्या. पुण्यास ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत प्रभातच्या काळच्या कितीतरी फितींची राख झाली. ज्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये इटलीतच, व्हेनिसच्या महोत्सवात, गौरविला गेला, तिच्या वारशाची ही गत व्हावी, हे शल्य मोठे आहे.

आपल्या घरी हा चित्रपट लावाल तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिसतील. ते तसेच राहू द्यावेत; रिमोटची कळ दाबून चित्र ताणू नये. आणि तो नोकर गाठोडे घेऊन वर चढू लागला, की सर्वांत वरच्या फळीकडे पाहावे.