डबल आली, आता काय?

ब्रिज हा भिडूच्या भरवशावर खेळायचा खेळ. माझ्या भिडू म्हणजे आमच्या वहिनी. एका संध्याकाळी त्यांनी ‘एक नोट्रम्प’ अशी बोली केली. म्हणजे १५ ते १७ गुण आणि चारही रंगांत साधारण सारखी विभागलेली पानं. माझ्या उजवीकडच्या गृहस्थांनी डबल दिली. माझ्याकडे बदामाची राणी, गुलाम आणि तीन लहान बदाम. बाकी सगळी भरती. मी घाबरून पास म्हटलं. सात हातांऐवजी चारच झाले आणि ५०० गुण गेले. वहिनी एवढंच म्हणाल्या, “भावोजी, पाच बदाम कशासाठी जपून ठेवले होते?”

घरी येऊन हिशेब मांडला. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. पूर्ण जोडात गुण ४०. वहिनींचे सोळा धरले, डबल देणाऱ्याचेही तेवढेच, तर उरले आठ. त्यातले माझे तीन. पारडं उघडच त्यांच्याकडे झुकलेलं.

अशा वेळी लांब रंग घेऊन निसटावं, ‘दोन बदाम’ म्हणावं. नोट्रम्पमध्ये माझे लहान बदाम वठवायला माझ्याकडे दुसरं मोठं पानच नाही. तोच रंग हुकूम झाला की छक्कीसुद्धा हात मारते. त्यावर डबल येऊन एक हात कमी पडला असता, तरी शंभरच गेले असते.

उलट, आपल्याकडे आठ किंवा अधिक गुण असतील तर पळू नये. भिडूचे किमान १५ धरून तेवीस होतात. मोठा वाटा आपला. तिथे रीडबल द्यावी. व्हल्नरेबल नसताना एक नोट्रम्प साधा झाला तर ९०, डबल असेल तर १८० आणि रीडबल असेल तर ५६० गुण मिळतात.

पण एक सांभाळा. काही जोड्यांत रीडबलचा अर्थ ‘मला वाचवा’ असा असतो. तेव्हा अर्थ आधीच ठरवून घ्या आणि प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर सांगा. त्यांच्या डबलचा अर्थही आपली पाळी आल्यावर विचारा. काही जण ती ताकद दाखवायला नव्हे, तर एखादा लांब रंग दाखवायला देतात. मग बऱ्याच जोड्या डबल आलीच नाही असं समजून नेहमीच्या बोली करतात.

आम्ही हे सारं एका कागदावर लिहून ठेवलंय. डबल आली की वहिनी आता निश्चिंत बसतात. मला त्या ५०० गुणांपेक्षा याचं मोल जास्त वाटतं.